शाळेची लॅब एका माणसाच्या डोक्यात नको

थोडं लांब झालंय. पण सवडीनं का होईना, शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडं एक मदत मागायची आहे.

परवा आपल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची बैठक झाली. एका पालकांनी सरळ विचारलं, "कॉम्प्युटर लॅब दीड वर्ष बंद का होती?" मुख्याध्यापक सरांनी खरं ते सांगून टाकलं. "ज्यानं बसवली, तो पुण्याला गेला होता." सगळे हसले, मीपण हसलो. पण घरी येताना काही ते डोक्यातून जाईना, कारण पुण्याला गेलेला तो पोरगा मीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाळेत १२ कॉम्प्युटर आहेत. ७ जुने, माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून आलेले. ५ त्यामानानं नवे, नंतर देणगीतून मिळालेले. दोन्ही वेळा सगळं मी बसवलं. कुठल्या मशीनला कुठला ड्रायव्हर लागतो, पासवर्ड काय, मराठी टायपिंग कसं चालू करायचं, प्रिंटर कुठल्या मशीनवरून शेअर केलाय, हे सगळं माझ्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. कुणी विचारलं की मी म्हणायचो, "तुम्ही काळजी करू नका, मला फोन करा, मी येतो." आणि खरं सांगू का, मला त्याचं बरं वाटायचं. गावात आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, हे कुणाला आवडत नाही?

मग नोकरी लागली आणि मी गेलो. पहिले काही महिने फोनवरून निभावलं. नंतर एकेक मशीन बिघडत गेलं. कुणीतरी तालुक्याहून पोरगा आणून दोन मशीनला फॉरमॅट मारून घेतलं. त्याच्या पेन ड्राईव्हवर जे होतं ते त्या मशीनवर आलं. एका मशीनवर मराठी कीबोर्ड आहे, शेजारच्यावर नाही. एकावर लिहिलेली फाईल दुसऱ्यावर उघडली की चौकोन दिसतात. मुलांनी एका जागी शिकायचं आणि दुसऱ्या जागी बसलं की परत शोधाशोध. पासवर्ड तर ज्यानं ठेवला त्यालाच माहीत. शेवटी बाईंनी कंटाळून लॅबला कुलूप लावलं. त्यांचा काही दोष नाही. त्यांनी सगळ्यांना विचारून बघितलं होतं.

गेल्या वर्षी मी परत आलो, दुकान टाकलं. सरांनी बोलावून घेतलं, "आता तू आलायस तर बघ." त्याच सुमारास १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. म्हणजे मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेचे नवे अपडेट येणं थांबतं. वर्षभराची वाढीव मुदत घेता येते, पण ती काही कायमची सोय नव्हे. विंडोज ११ टाकायचं तर मशीनमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसर त्यांच्या यादीतला लागतो. आपल्या नव्या पाचांत ते बसतं. जुन्या सातांत बसत नाही.

बैठकीत एक जण म्हणाले, "मग ते सात भंगारात काढा." मी म्हटलं, मशीन चांगले आहेत, फक्त विंडोज ११ ला चालत नाहीत. त्यांवर लिनक्स टाकू. डेबियन म्हणून आहे, फुकट आहे, आणि त्याचं हलकं डेस्कटॉप घेतलं तर ४ जीबी रॅमवर व्यवस्थित चालतं. पाच मशीनवर विंडोज ठेवू, कारण शाळेच्या काही कामांना तेच लागतं. सगळ्यांना पटलं.

पण मग प्रश्न आला की एका लॅबमध्ये दोन प्रकारच्या सिस्टीम, आणि मुलांना तर दोन्हीकडं सारखंच दिसलं पाहिजे. आणि मी उद्या परत कुठं गेलो तर?

आता हे 'बसवणं' म्हणजे नेमकं काय असतं, ते सांगतो. सिस्टीम टाकायला घेतली की ती तुम्हाला प्रश्न विचारते. भाषा कुठली? कीबोर्ड कुठला? वेळ कुठल्या देशाची? कुठल्या डिस्कवर टाकू? जुनं पुसू का? मशीनचं नाव काय? वापरणाऱ्याचं नाव काय, पासवर्ड काय? कुठली सॉफ्टवेअर बरोबर घेऊ? प्रत्येक मशीनपुढं बसून माणूस ही उत्तरं देतो. बारा मशीन म्हणजे बारा वेळा तेच. आठव्या मशीनपर्यंत हात दुखायला लागतो, चहा येतो, कुणाचा तरी फोन येतो आणि एखादं उत्तर वेगळं पडतं. झाली लॅब बारा तऱ्हांची.

याला उपाय फार जुना आहे. ही सगळी उत्तरं आधीच एका फाईलमध्ये लिहून ठेवायची. सिस्टीमला सांगायचं, माणसाला विचारू नको, या फाईलला विचार. लग्नात आचारी जशी यादी देतो ना, किती किलो बेसन, किती तेल, किती माणसांचं, तसंच. यादी नीट असेल तर बाजाराला कुणीही जाऊ दे, सामान तेच येतं.

विंडोजसाठी या फाईलचं नाव 'ऑटोअनअटेंड' असं असतं. ती एक्सएमएल प्रकारची असते. पेन ड्राईव्हवर सगळ्यात बाहेरच्या जागी ठेवली की विंडोजचा सेटअप तिला आपणहून शोधतो. डेबियनमध्ये तिला 'प्रीसीड' म्हणतात. साधी मजकुराची फाईल, एका ओळीत एक प्रश्न आणि त्याचं उत्तर. उबुंटूत 'ऑटोइन्स्टॉल', रेडहॅट आणि फेडोराकडं 'किकस्टार्ट'. फेडोरावाल्यांची एक गोष्ट मला फार आवडते. तुम्ही हातानं सगळी उत्तरं देऊन सिस्टीम टाकलीत तरी ती तुमच्या उत्तरांची किकस्टार्ट फाईल आपणहून लिहून ठेवते. म्हणजे काय केलं याची नोंद राहतेच.

पण सगळ्यांना चालेल अशी एकच फाईल नसते. विंडोजची फाईल डेबियनला कळत नाही आणि डेबियनची विंडोजला. प्रश्न तेच, फक्त बोली वेगळी. साधी वेळेची गोष्ट घ्या. विंडोजच्या फाईलमध्ये 'इंडिया स्टँडर्ड टाइम' असं लिहावं लागतं, डेबियनच्या फाईलमध्ये 'एशिया, कोलकाता'. मराठीसाठी एकीकडं 'एमआर' आणि 'आयएन'च्या मध्ये आडवी रेघ, दुसरीकडं खालची रेघ. एवढ्याशा फरकानं अडतं.

मी मोठ्या उत्साहात दोन्ही फाईली लिहिल्या. रात्री दुकानात बसून. आता जे सांगतोय ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय या पोस्टला अर्थ नाही.

डेबियनच्या फाईलमध्ये मी डिस्कचं उत्तर असं लिहिलं होतं की पहिली डिस्क घे, पूर्ण पुसून टाक, आणि खात्री करायला विचारू नको. तीन ओळी. वेळ वाचावा म्हणून. शनिवारी शाळा सकाळची होती, दुपारी मुलं गेल्यावर मी रांगेतल्या जुन्या मशीनना ओळीनं पेन ड्राईव्ह लावत गेलो. लावला, चालू केला, पुढं. चार पेन ड्राईव्ह होते, ते फिरवत होतो. एकही प्रश्न नाही. मला तर वाटत होतं, काय भारी काम झालंय.

जुने मशीन सात होते. त्या दिवशी रांगेत आठ होते. मी मोजले नाहीत.

आठवा ऑफिसातला होता. ऑफिसचा यूपीएस बिघडला म्हणून बाईंनी तो सीपीयू दोन दिवसांसाठी लॅबमध्ये आणून लावला होता. त्याच कंपनीचा, तसाच काळा डबा. त्यावर बाईंचं दोन वर्षांचं काम होतं.

काम काय, तर शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरची यादी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती रजिस्टरं बघितली असतील. शाळा सुरू झाल्यापासूनची, पिवळी पडलेली, कडा कुरतडलेली. आजोबांची नोंद, पणजोबांची नोंद. जातीच्या दाखल्यासाठी, जन्मतारखेच्या पुराव्यासाठी, वारस नोंदीसाठी लोक येतात आणि म्हणतात, "बाई, आमच्या आज्याचं नाव कुठं सापडतंय का बघा." साल नक्की माहीत नसतं, आडनावही तेव्हा वेगळं लावलेलं असतं. मग प्रत्येक पान उलटायचं. दर वेळी पान उलटलं की कागदाचा एक तुकडा पडतो. बाईंनी ठरवलं की एकदाच सगळं बघून यादी करायची, म्हणजे नाव, वडिलांचं नाव, गाव, साल, कुठलं रजिस्टर, कितवं पान. शाळा सुटल्यावर रोज तासभर. तीन हजारांच्या वर नावं झाली होती.

मी ती पुसली. म्हणजे मी लिहिलेल्या फाईलनं पुसली. पण फाईल कुणी लिहिली होती?

सोमवारी बाईंनी विचारलं, "ऑफिसचं मशीन असं वेगळं का दिसतंय?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. डिस्क काढून दुकानात आणली, दोन रात्री बसून जे निघतंय ते काढायचा प्रयत्न केला. काही तुकडे मिळाले. वर्षापूर्वी बाईंनी एका पेन ड्राईव्हवर कॉपी घेतली होती, त्यात नऊशेच्या आसपास नावं होती. बाकी गेलं. मूळ रजिस्टरं कपाटात सुखरूप आहेत, ते एक बरं. पण यादी गेली.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तू एकदा विचारलं असतंस तर." आणि मग थोड्या वेळानं, "पण तुझ्या त्या फाईलमध्येच तू विचारायचं बंद केलं होतंस ना?"

त्या कॉम्प्युटरच्या बाई नाहीत. मराठी आणि इतिहास शिकवतात. पण माझी चूक एका वाक्यात त्यांनीच दाखवली. सगळे प्रश्न बंद करायचे नसतात. कुठले बंद करायचे आणि कुठला उघडा ठेवायचा, हेच तर ठरवायचं असतं. भाषा, कीबोर्ड, वेळ, सॉफ्टवेअर, हे प्रश्न बारा वेळा विचारण्यात काही अर्थ नाही. पण 'जुनं पुसू का?' हा प्रश्न प्रत्येक मशीनपुढं, प्रत्येक वेळी, एका जित्या माणसाला विचारला गेलाच पाहिजे.

आणि गंमत म्हणजे ही सोय तिथं असते. डेबियनच्या फाईलमधून ती खात्रीची ओळ काढून टाकली की डिस्कवर काही लिहिण्याआधी सेटअप थांबतो आणि विचारतो. आपण काही न बदलता पुढं गेलो तर उत्तर 'नाही' धरतो. विंडोजच्या फाईलमध्ये डिस्कचा भागच लिहिला नाही तर डिस्क निवडायचा पडदा नेहमीसारखा समोर येतो. उबुंटूत तर कुठल्या टप्प्यावर माणसाला विचारायचं, ते फाईलमध्येच लिहिता येतं. ज्यांनी ही साधनं बनवली त्यांना हा धोका आधीच माहीत होता. दोन मिनिटं वाचवायच्या नादात मीच तो अडसर काढून टाकला होता.

मग दुसऱ्यांदा सुरुवात केली. या वेळी फाईलपासून नाही, कागदापासून. सर, बाई, समितीतले दोन पालक आणि मी असे बसलो आणि एका पानावर मराठीत लिहून काढलं की आपल्या लॅबमध्ये काय पाहिजे. तेव्हा मला कळलं की मी याआधी केवढे निर्णय एकट्यानं, कुणाला न विचारता घेतले होते.

उदाहरणार्थ भाषा. एका पालकांचं म्हणणं, "मेनू इंग्रजीत पाहिजे, पोरांना पुढं तेच लागणार." बाईंचं म्हणणं, "तिसरीच्या पोरानं 'सेव्ह' शोधायचं की 'जतन करा' वाचायचं?" अर्धा तास चालली चर्चा. शेवटी ठरलं की दोन खाती ठेवायची. लहान वर्गांचं खातं मराठीत, मोठ्यांचं इंग्रजीत. दोन्हीकडं मराठी टायपिंग इनस्क्रिप्टनं, कारण तो कीबोर्ड विंडोजमध्येही असतो आणि लिनक्समध्येही, शिकलेलं वाया जात नाही. आणि जुन्या टायपिंगच्या फाँटमध्ये नवीन काही लिहायचं नाही, सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे एका मशीनवरचं दुसऱ्यावर चौकोन होऊन येणार नाही.

सॉफ्टवेअरचंही तसंच. दोन्ही सिस्टीमवर मिळतील अशीच निवडली. लिहायला, हिशेबाला लिब्रेऑफिस. लहान मुलांसाठी जीकॉम्प्रिस. इंटरनेटसाठी फायरफॉक्स. फायरफॉक्सची एक चांगली गोष्ट आहे. त्याची नियमांची एक फाईल असते, 'पॉलिसीज' नावाची. पहिलं पान कुठलं उघडायचं, पासवर्ड लक्षात ठेवायचे की नाही, कुठल्या साइट बंद ठेवायच्या, हे त्यात लिहिता येतं. ती विंडोजवर आणि लिनक्सवर सारखीच चालते. ठेवायची जागा तेवढी वेगळी, आतला मजकूर तोच. बाकी सगळीकडं दोन बोली, इथं मात्र एकच.

मग त्या मराठी पानावरून मी दोन्ही फाईली परत लिहिल्या. आणि प्रत्येक ओळीच्या वर मराठीत कारण लिहिलं. डेबियनच्या फाईलमध्ये ओळीच्या सुरुवातीला शिडीसारखं ते चिन्ह टाकलं की सेटअप ती ओळ सोडून देतो, माणसानं मात्र ती वाचायची. विंडोजच्या फाईलमध्येही टिपणं लिहायची सोय असते. डिस्कच्या जागी मी लिहिलंय, 'इथे उत्तर मुद्दाम लिहिलेले नाही. मशीनवरचा नंबर डेड स्टॉक रजिस्टरशी जुळवून मगच पुढे जावे.' ते का लिहिलंय, हे तुम्हाला आता माहीत आहे.

अजून दोन ठेचा लागल्या, त्याही सांगतो. कुणी करणार असेल तर उपयोग होईल.

पहिली, डेबियनच्या फाईलमध्ये उत्तराच्या आधी एकच स्पेस द्यायची असते. मी ओळी सुबक दिसाव्यात म्हणून एका ठिकाणी जास्त स्पेस दिल्या. जास्तीची स्पेस तो उत्तराचाच भाग धरतो. ते उत्तर काही केल्या लागू होईना. अर्धा दिवस गेला.

दुसरी पासवर्डची. विंडोजच्या फाईलमध्ये पासवर्ड एक तर उघडा लिहितात, नाहीतर अगडबगड अक्षरांत. ती अगडबगड अक्षरं बघून वाटतं की कुलूप आहे. कुलूप नाही ते, नुसता पडदा आहे. ज्याला माहीत आहे तो मिनिटात उलगडतो. पेन ड्राईव्ह मी टेबलावर ठेवून चहाला गेलो. परत आलो तर सातवीतला एक जण गंभीर चेहऱ्यानं म्हणतोय, "दादा, पासवर्ड शाळेच्याच नावाचा ठेवलाय व्हय?" मला हसावं की रडावं कळेना. आता फाईलमध्ये फक्त तात्पुरता पासवर्ड असतो. सगळं बसलं की सर स्वतः बदलतात. खरा पासवर्ड पाकिटात बंद, सरांच्या कपाटात. डेबियनमध्ये पासवर्डाऐवजी त्याचा हॅश लिहिता येतो, तो परत उलगडणं अवघड असतं, म्हणून तिथं तसं केलं.

गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा सगळं बसवलं. या वेळी पेन ड्राईव्ह लावायला मी नव्हतो. मी मागं खुर्ची टाकून बसलो होतो. सातवीतल्या दोन मुली एकेका मशीनपुढं जात होत्या. डिस्कचा प्रश्न आला की एक जण मशीनवरचा नंबर वाचायची, दुसरी डेड स्टॉक रजिस्टरमध्ये बघायची, "हां, लॅबचाच आहे," आणि मग पहिली 'हो' करायची. वेळ थोडा जास्त लागला. पण सकाळी सुरू केलेलं काम शाळा सुटायच्या आत संपलं, आणि बाराही मशीनवर सारखं दिसतंय.

आता मूळ मुद्दा.

हे फक्त आपल्या शाळेचं नाही. आपल्या भागातल्या शाळा, ग्रामपंचायती, वाचनालयं, पतसंस्था बघा. कॉम्प्युटर घेतला की डेड स्टॉक रजिस्टरला नोंद होते. कंपनी, किंमत, बिल नंबर, तारीख. टेबल-खुर्चीची होते तशीच. पण खुर्चीला आत काही नसतं. कॉम्प्युटरच्या आत काय बसवलंय, कसं बसवलंय, कुणी ठरवलं, याची नोंद कुठंच नसते. ती कुणाच्या तरी डोक्यात असते. तो माणूस बदली होऊन गेला, नोकरीला गेला, भांडून गेला, की मशीन असून नसल्यासारखं. मग म्हणायचं, "कॉम्प्युटर जुने झाले, नवीन मागवा." कित्येकदा मशीन जुनं झालेलं नसतं, माहिती हरवलेली असते.

मोठ्या प्रमाणावर हे कसं होतं, ते बघायचं तर केरळकडं बघा. तिथं शाळांसाठी सरकारची काईट नावाची संस्था आहे. तिनं उबुंटूवर बेतलेली शाळांची म्हणून वेगळी लिनक्स तयार केली आहे. मल्याळम टायपिंग आणि पाठ्यपुस्तकांना लागणारी सॉफ्टवेअर आधीच आत. शिक्षकाची बदली झाली तरी नव्या शाळेत तेच दिसतं. आपल्याकडंही सी-डॅकनं डेबियनवर बेतलेलं बॉस लिनक्स केलेलं आहे. म्हणजे ज्ञान नाही असं नाही. आपल्या शाळेत आपल्याला काय पाहिजे, ते बसून ठरवायची आणि लिहून ठेवायची सवय नाही.

सरकार कधी करेल ते करेल. आपण काय करू शकतो, ते सांगतो. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

एक, आपल्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत गेलात तर विचारा की कॉम्प्युटरमध्ये काय बसवलंय, याचं लेखी पान आहे का? नसेल तर एका पानाचं करा. मराठीत, साध्या भाषेत.

दोन, नवीन खरेदी होत असेल किंवा देखभालीचा करार होत असेल तर त्यात एक अट घालायला सांगा. बसवण्यासाठी वापरलेली उत्तरांची फाईल संस्थेला द्यायची. पेन ड्राईव्हवर आणि छापून, दोन्ही. चांगल्या माणसाला ही अट जड जाणार नाही.

तीन, त्या फाईलमध्ये पुसण्याचा प्रश्न उघडा ठेवलाय का, आणि खरा पासवर्ड लिहिलेला नाही ना, एवढं बघून घ्या. बाकी नाही कळलं तरी चालेल.

आपल्या शाळेच्या दोन्ही फाईली छापून डेड स्टॉक रजिस्टरला जोडल्यात. वरती ते मराठी पान आहे, त्यावर समितीच्या सह्या आहेत. मी उद्या परत गेलो तर लॅब बंद पडणार नाही. गावात आपल्यावाचून अडत नाही, हेही बरं वाटतं, फक्त जरा उशिरा कळलं.

कुणाला आपल्या शाळेसाठी फाईली पाहिजे असतील तर पेन ड्राईव्ह घेऊन दुकानात या. पैसे नाहीत. पण आधी ते एक पान लिहून आणा. तुमच्या शाळेत काय पाहिजे, ते मी ठरवणार नाही.

आणि आता मदत. बाई मे महिन्याच्या अखेरीला रिटायर होतात. त्यांना ती जुनी हस्ताक्षरं वाचता येतात, आणि शाळेत आता दुसऱ्या कुणाला ती येत नाहीत. रजिस्टरांची यादी आम्ही परत करायला घेतली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाई वाचतात, मी टाइप करतो. रोज तीन ठिकाणी कॉपी ठेवतो. नऊशेपासून पुढं आता सोळाशेपर्यंत आलोय. माझा वेग कमी पडतोय. ज्यांना मराठी टायपिंग येतं, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तरी मेपर्यंत होईल. मशीन बाराही चालू आहेत.

तुमच्याही आजोबांचं नाव त्यातच कुठंतरी आहे.